घर-वावर सांभाळून बाहेरून टाउन प्लॅनिंग शिकता येतं का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही भूगोल घेऊन बी.ए. केलंय. राळेगाव तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहात. घरी दोन लहान मुलं आणि सासरचं पाच एकर वावर, त्यामुळे नागपूर-पुण्याला राहून शिकणं जमण्यासारखं नाही. गावाला लागून लेआउट पडताना आणि नाल्याच्या काठावर घरं उठताना पाहून तुम्हाला या विषयाची ओढ लागली. आणि आता एका क्लासवाल्याने ‘एका वर्षात डिस्टन्स एम.प्लॅन (नगर नियोजनाची पदव्युत्तर पदवी), मग टाउन प्लॅनिंग ऑफिसात नोकरी’ असं सांगून पैसे मागितले आहेत. भरू का, असं तुम्ही विचारताय.

भरू नका. एवढं आधी सांगतो, कारणं नंतर.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या १९८७ च्या कायद्यात तंत्रशिक्षणाची जी व्याख्या आहे, त्यात अभियांत्रिकी आणि वास्तुशास्त्राच्या बरोबरीने नगररचनेचं नाव घातलेलं आहे. तंत्रशिक्षणातले फार थोडे अभ्यासक्रम दूरशिक्षणाने चालवता येतात. व्यवस्थापन, संगणक अनुप्रयोग, पर्यटन या धर्तीचे. बी.प्लॅन, म्हणजे नगर नियोजनाची पदवी, आणि एम.प्लॅन त्यात बसत नाहीत. बी.प्लॅन चार वर्षांचा, एम.प्लॅन दोन वर्षांचा, आणि दोन्ही कॉलेजात हजर राहून करायचे. ‘आमच्याकडे स्पेशल परवानगी आहे’ असं कोणी म्हटलं तर त्याला त्या वर्षाच्या, त्या अभ्यासक्रमाच्या परवानगीचं पत्र मागा. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, दूरशिक्षण विभागाच्या (डीईबी) संकेतस्थळावर विद्यापीठ आणि अभ्यासक्रम दोन्ही तपासता येतात. नुसतं विद्यापीठ मान्यताप्राप्त असून भागत नाही, तो अभ्यासक्रमही त्या यादीत असावा लागतो. ३ नोव्हेंबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांनी परवानगी नसताना दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकीच्या पदव्यांवर निकाल दिला. काहींच्या पदव्या निलंबित झाल्या, काहींच्या रद्द. त्यातले कितीतरी लोक नोकरीत होते, त्या पदवीवर बढती घेऊन बसले होते. फी तर गेलीच, वर उमेदीची वर्षं गेली.

आता तुमच्या मनातला खरा प्रश्न. ‘टाउन प्लॅनिंग शिकायचंय’ असं म्हणताना माणसाच्या डोक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि तिन्हींचे रस्ते वेगळे आहेत. एक म्हणजे सरकारी पद. दुसरी म्हणजे नकाशावर सही करायचा अधिकार. तिसरी म्हणजे गाव-शहर कसं वाढतं, कसं वाढावं हे कळणं आणि त्या कामात हात घालता येणं.

पद हवं असेल तर भरतीची अट पाहून मग शिक्षण ठरवायचं, उलट नाही. आपल्या राज्याच्या नगर रचना आणि मूल्यनिर्धारण विभागात रचना सहायक व्हायला स्थापत्य किंवा तिच्या जवळच्या शाखेतली तीन वर्षांची पदविका लागते. सहायक नगर रचनाकार आणि नगर रचनाकार ही पदं एमपीएससी भरते, तिथे स्थापत्य, वास्तुशास्त्र, नगर नियोजन अशा शाखांची पदवी मागतात. बी.ए.वर दूरशिक्षणाची पदविका जोडून या पदांना अर्ज करता येत नाही, हे कडू असलं तरी आजच कळलेलं बरं. अनुरेखकासारख्या, म्हणजे नकाशे काढणाऱ्याच्या, पदांना ऑटोकॅड किंवा जीआयएसचं (संगणकावर नकाशे आणि त्यांची माहिती हाताळायच्या तंत्राचं) प्रमाणपत्र उपयोगी पडतं. त्यासाठी जाहिरात निघाली की पात्रतेचा परिच्छेद शब्दन् शब्द वाचायचा. सहीचा अधिकारही असाच आहे. लेआउटच्या किंवा घराच्या नकाशावर आर्किटेक्ट, परवानाधारक अभियंता अशांची सही चालते. दूरशिक्षणाच्या पदविकेने तो अधिकार येत नाही.

मुलं मोठी झाल्यावर दोन वर्षं बाहेर राहता येईल अशी शक्यता वाटत असेल, तर एक दार उघडं ठेवा. स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरसारख्या काही संस्था एम.प्लॅनला भूगोल, अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्रातली पदव्युत्तर पदवीही चालवून घेतात. भूगोलाचं एम.ए. बाहेरून करता येतं. म्हणजे आत्ता घरून एम.ए. आणि पुढे जमलंच तर पूर्णवेळ एम.प्लॅन. नागपूरच्या व्हीएनआयटीत अर्बन प्लॅनिंगचं एम.टेक. आहे, पण त्याला तंत्रशाखेची पदवी लागते, म्हणून ते तुमच्यासाठी धरत नाही. तुमचं वय, घरच्यांची साथ आणि पैशाची सोय यावर हे सगळं अवलंबून आहे, ते मला इथून ठरवता येणार नाही.

तिसऱ्या गोष्टीसाठी मात्र दूरशिक्षण खरंच कामाचं आहे, आणि तुमच्या पत्रावरून मला वाटतं की तुमची ओढ तिकडेच आहे. इग्नूची, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची, नगर नियोजन व विकास या विषयात पदव्युत्तर पदविका आहे. कोणत्याही शाखेचा पदवीधर ती करू शकतो, किमान कालावधी एक वर्ष. ग्रामीण विकासाचीही पदव्युत्तर पदविका आहे. ज्या सत्रात प्रवेश घ्याल त्या सत्राच्या माहितीपुस्तिकेत अभ्यासक्रम चालू आहे ना, ते पाहून घ्या. प्रवेशाआधी यूजीसीचा डीईबी आयडी काढावा लागतो. तुम्ही दिवसभर लोकांचे अर्ज भरता, तुम्हाला ते अवघड नाही.

यातून काय मिळतं? शहरं का वाढतात, लोकसंख्येचा अंदाज कसा बांधतात, जमिनीचा भाव आणि रस्ता यांचं नातं काय, नगरपालिकेचा पैसा कुठून येतो, शहरांच्या कारभाराबद्दलच्या ७४ व्या घटनादुरुस्तीने काय दिलं, हे सगळं व्यवस्थित कळतं. लिहायची, वाचायची, मांडायची शिस्त लागते. राहून जातो तो स्टुडिओ. नियोजनाच्या कॉलेजात आठवड्यातले बरेच तास मोठ्या टेबलावर नकाशा पसरून जातात. मुलं एक गाव घेतात, तिथे जाऊन घर न् घर पाहतात, परत येऊन काढतात, सर खोडतात, पुन्हा काढतात. हातातलं हे काम पोस्टाने येणाऱ्या पुस्तकातून येत नाही. पण त्या मुलांना गाव शोधत बसने जावं लागतं, आणि तुम्ही त्या गावातच राहता. म्हणून मी म्हणतो, पदविका करा आणि तिच्या जोडीला स्वतःचं गाव स्टुडिओ म्हणून घ्या. अर्धं शिक्षण तिथे आहे.

ते कसं करायचं, ते जरा खोलात सांगतो.

तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रत घ्या. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर सर्व्हे नंबर दिसतात, पण कागदाची मोठी प्रत हवीच. गावात स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झाली असेल तर गावठाणाचा नवा नकाशा असेल, तोही मागा. ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टी आकारणीची यादी, तुमच्याच कपाटात आहे. सरपंच आणि सचिवांना सांगून, त्यांच्या परवानगीनेच तो वापरा. आता नकाशाच्या झेरॉक्सवर पेन्सिलीने गावठाणाची हद्द, नाले, विहिरी आणि पांदण रस्ते काढा. मग चालत निघा आणि प्रत्येक घर काय कामाला वापरलं जातं ते रंगवा: निवासी पिवळा, व्यापारी निळा, औद्योगिक जांभळा. आमच्या कामात याला विद्यमान भूवापर म्हणतात आणि विकास आराखड्याच्या कायद्यात तो आराखड्याच्या आधीचा सक्तीचा टप्पा आहे.

पहिल्याच गल्लीत अडाल. समोरच्या खोलीत किराणा, मागे गोठा, माडीवर शिकवणी, आणि दिवाळीनंतर दोन महिने ओसरीत छतापर्यंत कापूस. या घराला कोणता रंग द्यायचा? पुस्तकात ‘मिश्र वापर’ असं लिहून मोकळे होतात. तुम्ही लिहून ठेवा की कापूस किती दिवस असतो, गाडी कुठे उभी राहते, रस्ता किती अडतो. पुढे रस्त्याची रुंदी ठरवताना हीच टिपणं उपयोगी येतात.

उपग्रहाच्या फोटोवर तर अजिबात विसंबू नका. आमच्याच जिल्ह्यातल्या एका नगरपंचायतीच्या प्रारूप आराखड्यावर हरकतींची सुनावणी चालली होती. गावाच्या कडेची एक मोकळी जागा आराखड्यात बाजार संकुलासाठी राखलेली होती. एक म्हातारे शेतकरी आले, कागदपत्रं काही नाहीत, नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “सायेब, हे आखर आहे. इथं आमचा पोळा भरते.” फोटोत ती जागा रिकामी दिसत होती, कारण फोटो दुपारचा. सकाळी तिथे गावभरची गुरं गोळा होतात, पोळ्याला जोड्या उभ्या राहतात, लग्नाच्या हंगामात मांडव पडतो. समितीने म्हणणं ऐकलं आणि संकुलाची जागा बदलायची शिफारस केली. तुमच्या गावात अशा जागा कुठे आहेत हे तुम्हाला न विचारता माहीत आहे. नागपूरहून आलेल्या सर्वेक्षकाला ते कळायला अख्खं वर्ष त्या गावात काढावं लागेल.

नकाशा रंगवून झाला की एक खरा प्रश्न घ्या. घरकुलाचा घ्या, कारण त्याची यादी तुमच्याच संगणकावर असते. समजा ४० कुटुंबांना घरकुल मंजूर आहे आणि जागा नाही. प्रत्येकी ५०० चौरस फूट धरले तर २०,००० चौरस फूट, म्हणजे अर्ध्या एकराच्याही आत. सगळे म्हणतात, अर्धा एकर मिळाला की झालं. आता तेच कागदावर काढून बघा. दोन ओळींत घरं मांडा, मधून ट्रॅक्टर आणि रुग्णवाहिका जाईल असा रस्ता टाका, नाली टाका, हातपंप किंवा नळाची जागा, थोडी मोकळी जागा, बकऱ्या बांधायला घरामागे पट्टी. जागा जवळजवळ दुप्पट लागते, एक एकराच्या आसपास. ही दुप्पट जागा न धरल्यानेच वस्त्यांमध्ये नाली दाराच्या पायरीखालून जाते.

मग ती एक एकर आणायची कुठून? इथे आपल्या विदर्भाचे खास प्रश्न सुरू होतात. पश्चिम विदर्भात लोक पटकन ई-क्लास जमिनीकडे बोट दाखवतात. पण ती चराईची, सार्वजनिक वापराची जमीन आहे, आणि गावाच्या सामाईक जमिनींबाबत सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात २८ जानेवारी २०११ ला दिलेल्या निकालानंतर ती सहजासहजी वाटता येत नाही. पूर्वेकडच्या सहा जिल्ह्यांत, म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत, झुडपी जंगलाचा, म्हणजे महसुली नोंदीत तशी नोंद असलेल्या जमिनींचा, प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या निकालाने त्या जमिनी वनच मानायच्या हे पक्कं झालं. नाल्याकाठची जागा दाखवली तर पूररेषा विचारा. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांच्या पुराची लाल. वर्धा नदीच्या काठच्या गावांना हे सांगायला नको, पण लहान नाल्यांच्या रेषा बहुतेक ठिकाणी आखलेल्याच नसतात. तिथे म्हाताऱ्यांना विचारून, पाणी कोणत्या घराच्या कोणत्या पायरीपर्यंत चढलं होतं ते नकाशावर तारखेसकट नोंदवायचं. काळ्या मातीत पाया किती खोल न्यावा लागतो, त्याने घरकुलाचा खर्च किती वाढतो, तेही गवंड्याला विचारून लिहा. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या पट्ट्यातल्या जमिनीला राहण्याच्या अकृषक वापरासाठी महसूल कायद्यात २०१९ मध्ये सवलत आली, ते कलम ४२-ड वाचा आणि आज ते तसंच आहे का तेही पाहा. इतकं सगळं पाहिल्यावर तुमच्याकडे तीन जागांची तुलना तयार होईल: मालकी, पाणी, रस्ता, खर्च, लोकांचं म्हणणं. प्लॅनरचं काम बऱ्याच अंशी हेच आहे.

ही तुलना ग्रामसभेपुढे ठेवता येते. ग्रामपंचायत विकास आराखडा दरवर्षी होतोच, ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर तुम्हीच भरता. आज त्यात कामांची यादी असते, कोणतं काम कुठे आणि का, हे नसतं. तुमचा एक रंगवलेला नकाशा भिंतीवर लागला तर चर्चा बदलते, हे मी गावागावांत पाहिलंय. बायकाही बोलू लागतात, कारण यादीत त्यांना विचारलेलं नसतं, नकाशात मात्र पाणी भरायची वाट त्यांची असते.

संगणकाचं म्हणाल तर क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. डेहराडूनची आयआयआरएस ही इस्रोची संस्था सुदूर संवेदन आणि जीआयएसचे मोफत ऑनलाइन वर्ग घेते. ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर नगर नियोजनाचे आयआयटीच्या प्राध्यापकांचे वर्ग आहेत. पण माझं स्पष्ट मत आहे की पहिला नकाशा हातानेच काढा. हाताने काढताना प्रत्येक रेघ का काढली याचा विचार होतो.

कायदा मराठीतच वाचा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मराठीत मिळतो. सगळा एकदम वाचायला जाल तर कंटाळाल. आराखड्यात काय असावं ते कलम २२, विद्यमान भूवापर २५, प्रारूप प्रसिद्धी २६, हरकती आणि सुनावणी २८, मंजुरी ३१, मंजुरीनंतरचे फेरबदल ३७, आणि राखीव जागा संपादित झाली नाही तर काय, ते १२७. एवढी कलमं एखाद्या खऱ्या नोटिशीशेजारी ठेवून वाचा. २०१४-१५ च्या सुमारास तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या. तुमचं राळेगाव, शेजारचं कळंब, मारेगाव त्यातच आले. अशा ठिकाणी आराखड्याचं काम निघालं की नोटीस वर्तमानपत्रात येते आणि सुनावणी होते. ती बघायला जा. २०२० च्या डिसेंबरात राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, तिच्यातलं लेआउटचं प्रकरण तेवढं आधी वाचा. ०.४ हेक्टर आणि त्यावरच्या लेआउटला १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते, हे एक वाक्य जरी गावात माहीत झालं तरी प्लॉट घेणारे ‘गार्डन कुठे आहे’ असं विचारतील.

कमाईचं खरं सांगतो. लगेच पगार मिळेल असं नाही. पण आराखड्यांचं काम आता जीआयएसवर होतं आणि ते करणाऱ्या सल्लागार संस्थांना गावपातळीवर सर्वेक्षण करणारी, सातबारा आणि गाव नकाशा वाचता येणारी माणसं मिळत नाहीत. सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाच्या जंगलावर गावाचा हक्क, मिळालेल्या ग्रामसभांना व्यवस्थापन आराखडे करावे लागतात. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये हक्क मिळाला, त्यानंतर विदर्भात अशा ग्रामसभा पुष्कळ झाल्या, आणि त्यांना नकाशा करून देणारा माणूस लागतो. तुमच्याकडे पदविका आणि सोबत स्वतः केलेला गावाचा अभ्यास असेल तर त्या कामांत शिरकाव होतो. नुसत्या प्रमाणपत्रावर कोणी बोलवत नाही, हे मी स्वतः माणसं निवडताना पाळतो. मला नकाशा दाखवा म्हणतो.

शेवटी वेळेचं. इग्नूच्या सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरात येतात. जून म्हणजे पेरणी, डिसेंबर म्हणजे वेचणी. तुमच्या घरात दोन्ही वेळा हात कमी असतात. म्हणून एका वर्षात संपवायचा हट्ट धरू नका. कमाल मुदत जास्त असते, विषय वाटून घ्या, पहिल्या परीक्षेला दोनच पेपर ठेवा. गृहपाठ मात्र वेळेत द्या, ते नसतील तर पेपर पास होऊनही निकाल अडतो. अभ्यासासाठी उन्हाळा चांगला. वावर रिकामं असतं आणि नकाशा घेऊन फिरायला पहाटेचे दोन तास मिळतात. अभ्याससाहित्य इंग्रजीत आहे, त्याची भीती वाटणं साहजिक आहे. प्रत्येक धड्याचं अर्ध्या पानाचं टिपण मराठीत काढा आणि उदाहरण आपल्याच गावाचं घाला. प्रकल्पाचा विषयही तोच ठेवा: तुमच्या गावाचं घरकुल आणि जागा. मार्गदर्शक शोधताना जवळच्या कॉलेजातल्या भूगोलाच्या सरांना किंवा मॅडमना विचारा, आणि त्यांची पात्रता इग्नूच्या नियमात बसते का ते नागपूरच्या क्षेत्रीय केंद्राला विचारून मगच प्रस्ताव पाठवा.